पिवळी मूठ

मंगळवार, सोळा तारीख
हँगरमधून, वस्तादांच्या टेबलावरून

ताई,

मी दोर वेळेवर सोडला नाही. पिवळी मूठ माझ्या हातात होती, ओढली असती तर सुटला असता, आणि मी ओढली नाही. हे आधीच लिहून टाकतो, कारण नमस्कार-चमत्कार झाल्यावर माझी हिंमत कुठल्या कुठं पळेल सांगता येत नाही.

हं, आता नमस्कार. मावशीला नमस्कार, तिच्या गुडघ्यांना वेगळा नमस्कार. पत्राच्या डोक्यावर काय काय लिहायचं असतं ते शाळेत शिकवलं, तेव्हा मी बाकाखाली बसून मास्तरांच्या दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधत होतो. तुला आठवत असेल, बोलणी तूच खाल्लीस. इकडे सगळं ठीक आहे. म्हणजे मी ठीक आहे. फोन केला नाही, कारण इथला फोन ऑफिसात आहे आणि त्याला सहा कान आहेत. मावशीकडच्या फोनला मावशी आहे.

तुझं पत्र काल मिळालं. डाव्या हातानं लिहिलंयस ना, अक्षर थेट माझ्यासारखं आलंय. पोस्टमन म्हणाला, स्वतःलाच पत्रं पाठवायला लागलास का रे. मी हसलो आणि मग वाचलं. तू दोन गोष्टी लिहिल्यायस. एक, बॅग घेऊन दारात उभी असताना तू भाऊजींना म्हणालीस, 'पडाल तेव्हा कळेल,' तो तळतळाट त्यांना लागला. आणि दुसरी, आता त्यांना बघायला कुणी नाही म्हणून तू शनिवारच्या बसनं परत येतेयस.

तळतळाटानं विमान पडत नाही, ताई. ते कशानं पडलं हे मला माहीत आहे. ते तुला कळलं की शनिवारचं तू तूच ठरव. पण आधी नीट ऐक.

तीन वर्षं तू बिनइंजिनाची ग्लायडरं ओढणाऱ्या पायलटची बायको, पण त्या ओढायच्या विमानात, रेड्यात, तू कधी बसली नाहीस, कारण त्यात बसायला जागाच एक. म्हणून सांगतो. रेडा दिसायला नावासारखाच आहे. पुढं मोठं थोरलं इंजिन, त्याच्यामागं रिकामी टाकी (आमच्याकडं येण्याआधी तो शेतांवर औषध फवारायचा) आणि टाकीच्या मागं, उंचावर, एकट्या माणसाची खुर्ची. असं का, तर पडलंच तर आधी इंजिन चेचावं, मग टाकी चेचावी, आणि मग माणसाचा नंबर लागावा. खुर्चीभोवती स्टीलच्या पायपांचा पिंजरा. गेल्या वर्षी आम्ही रेडा हाडापर्यंत सोलला, तेव्हा त्या पिंजऱ्याचे अकरा जोड मी वेल्ड केले. वस्तादांनी त्यातले नऊ कापायला लावले आणि परत करून घेतले. मी त्यांच्या पाठीमागं त्यांची नक्कल करत करत केले, पण केले चांगले. हे लक्षात ठेव.

आत कॉकपिटमध्ये फार थाट नाही. मधे दांडा, त्याला सायकलची रबरी मूठ. डाव्या हाताशी इंजिनचा लिव्हर. समोर चार घड्याळं, त्यातलं एक खोटारडं. काचेच्या वर ट्रकला असतो तसा आरसा, म्हणजे मागं दोराला काय बांधलंय ते दिसावं. त्या आरशावर मी मागं मिशा काढल्या होत्या, आठवडाभर भाऊजींना प्रत्येक ग्लायडर मिशाळ दिसत होतं. आणि डाव्या पायापाशी, पार जमिनीला टेकून, पिवळी मूठ. ती ओढली की शेपटीखालचा हूक उघडतो आणि दोर सुटतो. तशीच एक पिवळी मूठ ग्लायडरमध्ये असते, माझ्या गुडघ्यांमध्ये. दोराच्या दोन टोकांना दोन माणसं, आणि दोघांनाही सुटायची सोय.

त्या मुठीवरून वस्ताद आणि भाऊजींचं वाजलं होतं. वस्ताद म्हणायचे, ती वर घ्या, लिव्हरच्या शेजारी. कारण मागचं ग्लायडर कधी फार वर चढलं तर ते रेड्याची शेपूट उचलतं, रेड्याचं नाक खाली जातं, आणि आतला माणूस पट्ट्यात वर लटकतो. मग जमिनीपाशी ठेवलेल्या मुठीला हात पोचत नाही. भाऊजी म्हणाले, वीस वर्षं ती तिथंच आहे, आणि माझ्या कॉकपिटमध्ये कुणाची बोटं नकोत. म्हणून ती तिथंच राहिली. मी तेव्हा पाना धरून शेजारीच उभा होतो. सगळं ऐकत होतो.

म्हणून ग्लायडरवाल्याला पहिला नियम हा शिकवतात, की पुढचं विमान दिसेनासं झालं की विचार करायचा नाही, मूठ ओढायची. परीक्षेत मी बाकी बरंच चुकलो. हे चुकलो नव्हतो.

दोराची अजून एक गोष्ट. दोराच्या टोकाला एक कच्ची कडी असते. फार जोर आला तर तिनं आपणहून तुटावं म्हणून ती मुद्दाम कमजोर बनवतात. एकट्याच्या हलक्या ग्लायडरला पांढरी कडी, दोघांच्या जड ग्लायडरला लाल, जास्त ताकदीची. गुरुवारी मी एकट्याचं ग्लायडर नेणार होतो आणि दोराला लाल राहून गेली होती.

गुरुवारी सकाळी मी भाऊजींच्या आधी रेड्यात चढलो आणि आरशावर एक चिठ्ठी चिकटवली. 'हात कसा आहे तिचा?' एवढंच. खाली मिशा काढल्या. तू म्हणशील, हे काय नवीन माकडपण. पण तू गेल्यापासून सात आठवडे ते शिट्टी वाजवत येत होते, शिट्टी वाजवत जात होते, आणि मैदानावर एकानंही तुझं नाव काढलं नव्हतं. विचारलं तर सांगायचे, माहेरी गेलीये, पाय घसरून पडली. मला वाटलं, निदान आरशानं तरी विचारावं.

ते आत बसले, वाचलं, आणि खाली उतरले. मी दोराचं टोक हातात घेऊन उभा होतो. त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं. टोकाला, कच्च्या कडीच्याही पुढं, स्टीलच्या दोन कड्या असतात, अंगठ्याएवढ्या जाड. त्या त्यांनी माझ्या गळ्याच्या हाडावर मारल्या. मी वाकलो तर पाठीवर. मग परत, कमरेवर. तिसऱ्यांदा मारल्यावर धाप लागल्यासारखे थांबले आणि दोर माझ्या पायाशी टाकून म्हणाले, "जोड, आणि बस. आज तुला फिरवून आणतो."

मी जोडला आणि बसलो. हाड मोडलं नाही, निळं-जांभळं झालंय, वर बटण लावलं की दिसत नाही.

वर गेल्यावर त्यांनी मला फिरवलं, ताई. ओढणारा माणूस सरळ जातो, हळू वळतो, मागच्याला सांभाळून नेतो. ते कुत्र्याला साखळीनं हिसडावं तसे वळत होते. डावीकडं, मग एकदम उजवीकडं. दोर ढिला पडायचा आणि मग खाडकन ताणला जायचा, प्रत्येक हिसक्याला माझं डोकं काचेवर. तिसऱ्या-चौथ्या हिसक्याला तोंडात रक्त आलं. आरशात त्यांचा चष्मा दिसत होता. ते पुढं बघतच नव्हते. मला बघत होते.

चारशे फुटांवर मी दांडा पोटाशी ओढला.

वाऱ्यानं उचललं नाही. मी ओढला. ग्लायडर शिडी चढल्यासारखं वर गेलं आणि रेडा माझ्या नाकाखाली गायब झाला. समोर नुसतं आकाश. दोर तारेसारखा गुणगुणायला लागला. उजव्या हातात दांडा, डावा हात पिवळ्या मुठीवर. आणि मी मोजायला लागलो. एक.

चारपर्यंत का मोजलं ते सांगायला मला त्या दिवशीच्या स्वयंपाकघरात जावं लागतं, आणि तिथं मला जायचं नाही. पण तू डाव्या हातानं चार पानं लिहिलीस, तर मला एवढं जमायला हवं.

त्यांनी तुझं मनगट ओट्यावर धरलं होतं. पिळत होते. मी दारात होतो. सगळ्यांना मी सांगितलंय की मी नंतर आलो, आणि तुला वाटत असेल की मी बोललो तेव्हाच आलो. मी आधीपासून होतो. आणि मी काय केलं? मी म्हणालो, "भाऊजी, नट उलटा फिरवताय." म्हणजे ते हसतील आणि सोडतील. माझं आयुष्यभर असंच चालत आलंय, कुणी हात उगारला की हसवायचं. ते नाही हसले. तू हसलीस, ताई. मला बरं वाटावं म्हणून असेल. आणि मग हाड वाजलं. वाळकी फांदी पायाखाली आली की वाजते तसं. दारापासून ओट्यापर्यंत चार पावलं होती. मी नंतर मोजली. मी एकही टाकलं नाही.

आता मी 'भाऊजी' लिहिणार नाही. 'ते'ही नाही.

दोन. तीन. चार म्हटल्यावर मूठ ओढली आणि ग्लायडर दोरातून सुटलं. पंख झुकवून खाली बघितलं तर रेडा नाक खाली करून सरळ जमिनीत चालला होता, इंजिन जीव तोडून ओरडत होतं. तो मूठ शोधत होता, मला काचेतून हात दिसला, वस्ताद म्हणाले होते तसाच वर लटकलेला, आणि हात गुडघ्यापर्यंतही येत नव्हता. शेवटी त्यानं नाक उचलायला घेतलं. अजून शंभर फूट असते तर उचललं असतं. नांगरलेल्या शेतात चाकं आधी टेकली आणि उपटून गेली, मग पंख गेला, मग रेडा नाकावर उभा राहून पाठीवर पडला. एवढी माती उडाली की मला वाटलं, संपलं. आणि मला आनंद झाला. लपवत नाही. मोठ्यांदा हसलो, एकटाच, काचेच्या आत, तोंडातलं रक्त गिळत.

मग मी त्याच शेतात ग्लायडर टेकवलं आणि धावलो. का धावलो विचारू नकोस.

रेड्याचं पुढचं काही उरलं नव्हतं. इंजिन जमिनीत रुतलेलं, टाकीचा पत्रा चुरगळलेल्या कागदासारखा. आणि त्याच्या मागं माझा पिंजरा जसाच्या तसा. अकरा जोड, ताई. एकालाही भेग नाही. आत तो उलटा लटकत होता, तोंड फुटलेलं, जबडा एका बाजूला सरकलेला, दोन्ही पाय पेडलमध्ये अडकून नको त्या दिशेला वळलेले. पेट्रोल गरम इंजिनवर ठिबकत होतं आणि चुर्र चुर्र वाजत होतं. माझ्या खिशात दोर कापायचा चाकू असतो. तो मी उघडला. पट्टा आणि त्याचा गळा यांच्यात एक वीत अंतर होतं, आणि त्यानं चाकू बघितला, मग मला बघितलं, आणि त्याला सगळं कळलं. तो पहिल्यांदा मला घाबरला. मला ते बघायचं होतं, खूप दिवसांपासून बघायचं होतं, आणि बघितल्यावर ते नकोसं झालं.

मी पट्टा कापला. काखेत धरून ओढत नेला, पाय ओरबाडत गेले तसा तो किंचाळला, मी थांबलो नाही. वीस-पंचवीस पावलं गेलो असेन, मागं इंजिननं पेट घेतला. ज्याला मारायला निघालो होतो, त्याला मी आठ महिने आधीच वेल्ड करून वाचवून ठेवलं होतं. माझ्या नशिबानं माझीच खोडी काढली, म्हण.

लोक येईपर्यंत आम्ही दोघं मातीत पडलो होतो. मोडक्या जबड्यानं तो एकच शब्द बोलला. मला दोनदा ऐकायला लागला. "वारा," म्हणाला. "वारा होता."

शनिवारी चौकशीवाले साहेब आले. दवाखान्यात गेले, तर त्याचा जबडा तारेनं बांधलेला, म्हणून त्याला पाटी दिली, त्यानं पाटीवर 'वारा' लिहिलं. मला विचारलं, मी पण म्हणालो वारा. त्याला माझं तोंड बंद हवं, कारण मी बोललो की त्या चिठ्ठीपासून तुझ्या मनगटापर्यंत सगळं निघेल. मला त्याचं बंद हवं. साहेबांनी वारा लिहून घेतला. वर लिहिलं, दोराला चुकीची कडी राहिल्यानं दोर तुटला नाही, ही हँगरच्या मुख्य मेकॅनिकची हलगर्जी. म्हणजे वस्तादांची. ज्या माणसानं माझे नऊ जोड कापायला लावले, त्याची हलगर्जी.

ताई, मी वर लिहिलं ना, लाल कडी राहून गेली होती. राहून गेली नव्हती.

बुधवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी पांढरी काढली आणि लाल लावली. दोन बोल्ट असतात, पाच मिनिटांचं काम. चिठ्ठी त्याच्यानंतर लिहिली. तो मारणार हे मला माहीत होतं, तो वर नेऊन हिसडणार हे माहीत होतं, मूठ कुठं आहे आणि हात कुठपर्यंत येतो हे तर माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. लोकांना वाटतं हा नुसता खोड्या काढतो. ही पण खोडीच होती, फक्त नीट विचार करून काढलेली. आयुष्यात एवढा विचार मी पहिल्यांदा केला.

साहेब गेल्यावर वस्तादांनी टेबलावर पांढरी कडी ठेवली. माझ्या कामाच्या डगल्याच्या खिशात सापडली होती. मी म्हणालो, मी साहेबांच्या मागं जातो, सगळं सांगतो. वस्तादांनी कडी उलटीसुलटी करून बघितली आणि म्हणाले, "तू आत गेलास की तिच्याकडं कोण बघणार? माझी नोकरीची तीनच वर्षं राहिलीत, मला काळा शेरा चालतो." आणि उठताना म्हणाले, उद्यापासून दोराला हात लावायचा नाही, हवेत जायचं नाव काढायचं नाही. मी नुसता जोड मारतोय आता. वस्ताद पूर्वीसारखे कापायला लावत नाहीत. बघून पुढं जातात. तेच जास्त लागतं.

आता शनिवारचं.

परवा मी दवाखान्यात गेलो होतो. त्याचे दोन्ही पाय वर टांगलेत, जबडा तारेत, नळीतून पाणी. मला बघून पाटीवर लिहिलं, 'तिला बोलाव.' मग पुसून लिहिलं, 'माफ कर.' मी खरं सांगतो, ते वाचून मला पण काहीतरी झालं. तुला झालं असतं तसंच. तेवढ्यात सिस्टर नळी बदलायला आली. तिच्याकडून जरा ओढली गेली. त्यानं पाटी टाकली आणि तिचं मनगट धरलं आणि पिळलं. तसंच, ताई. तशीच बोटं, अंगठा आतून. सिस्टर तुझ्यासारखी हसली नाही. तिनं मोकळ्या हातानं ट्रे उचलला आणि त्याच्या प्लास्टरवर हाणला, आणि तो तारेच्या आतून गुरासारखा ओरडला. ती मनगट चोळत म्हणाली, या पेशंटला यापुढं दोघींनी मिळून यायचं.

रेड्यानं त्याचं सगळं मोडलं. उजवा हात शाबूत आहे. ओरखडासुद्धा नाही.

तेवढं सांगायला एवढं पत्र लिहिलं. तुझ्या शापानं काही झालेलं नाही, तुला काहीही फेडायचं नाही. जे केलं ते मी केलं, आणि ते पण अर्धवट. तू बसमध्ये बसू नकोस. हे पत्र गुरुवारपर्यंत पोचेल, शुक्रवार तुला विचार करायला मोकळा. मला शिव्या घालायच्या तर तिथूनच घाल, पोस्टानं पाठव, दोन्हीपैकी कुठल्याही हातानं. माझं तोंड बघणार नाही म्हणालीस तरी चालेल. फक्त तिथून म्हण.

आणि हे वाचून झालं की जाळ. कुणाला म्हणजे कुणाला सांगू नकोस. मावशीला नको, ती झोपेत बोलते. वस्तादांना तर कळूच देऊ नकोस की मी तुला सांगितलं, त्यांनी शेरा घेतलाय तो फुकट जाईल. पाया पडतो तुझ्या, ताई. मी आयुष्यात तुला हजार वेळा म्हणालो असेन, सांगू नको हां कुणाला, आणि तू दर वेळी माझ्या वाटची बोलणी खाल्लीस आणि नाव नाही घेतलंस. ही एकच अजून. सांगू नकोस.

चार पावलं उशिरा आलेलं,
तुझं माकड